चिंचेनं घासलेलं रिव्हॉल्व्हर

"बनाक्का, ऐकलंस का? आमच्या हिनं रिव्हॉल्व्हर चिंचेनं घासलं!"

दादासरकार जीपमधून उतरले ते हसतच. त्यांच्याबरोबर दुकानातली गिऱ्हाइकंही हसली. का हसायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण सरकार हसले की हसायचं, एवढं आमच्या पेठेत पोराटोरांनाही कळायचं.

मी धार लावायच्या सराणेजवळ बसून कुणाच्या तरी आज्याच्या तलवारीचा गंज काढत होते. उठले नाही. गुडघे माझे तेव्हाच गेले होते, आणि उजवा दंड असा भरून यायचा की घास तोंडात घालायचाही कंटाळा यावा. सर्वपित्री अमावास्येचा दिवस. दुसऱ्या दिवशी घट बसायचे. खंडेनवमीला पाटावर मांडायची म्हणून सगळ्या तालुक्याची हत्यारं त्या आठवड्यात आमच्या दारात येऊन पडायची. वर्षभर कोनाड्यात कुजवायची, ढुंकून बघायचं नाही, आणि मग 'आक्का, उद्या देता का?' लग्न झाल्यापासून मी तेच ऐकत आले होते. आधी मालकांनी धार धरायची आणि मी सराणेचा पट्टा ओढायचा. मालक गेले, मग धारही मीच धरली. दुकानाचा परवाना मुलाच्या, महिपतीच्या नावावर होता. बंदुकीच्या पोटातल्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, करण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. पण कुठल्या लोखंडाला काय लावायचं आणि काय नाही, ते विचारायला तोही माझ्याकडंच यायचा. दुसरीतनं शाळा सोडलेली बाई मी. बाटलीवरची चिठ्ठी मला वाचता येत नव्हती आणि लागतही नव्हती. मी वासावर चालायची.

सरकारांनी रिव्हॉल्व्हर माझ्यापुढं ठेवलं. मी आधी चक्री उघडून बघितली. सहाही घरं रिकामी होती.

"अगं, गोळ्या काढल्यात," सरकार म्हणाले. "एवढा अडाणी समजतेस होय मला?"

"हत्याराचा मालक शहाणा असला तरी मी बघते, सरकार. सवय हाय."

गिऱ्हाइकं परत हसली. सरकारही हसले. माझ्या तिखट तोंडाचं त्यांना कौतुक होतं. त्यांच्या वडिलांपासून ते हत्यार आमच्याकडं यायचं. विलायती, निकेलचं पाणी चढवलेलं, मुठीला काळ्या शिंगाच्या फळ्या. आरशासारखं चकचकीत असायचं. आज मात्र त्याच्या अंगावर देवी येऊन गेल्यासारखे वण उठले होते आणि नळीतून आंबूस वास येत होता.

"घरात साप निघाला गेल्या आठवड्यात," सरकार सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगू लागले. "एक बार टाकला. तर आईसाहेब म्हणाल्या, पितृपंधरवड्यात घरात बार झाला, हत्यार विटाळलं, नवमीला पाटावर कसं मांडायचं? देवाच्या भांड्यासारखं धुवून घे. आणि ही घेऊन बसली चिंच-मीठ!"

'ही' म्हणजे प्रमिलावहिनी. जीपजवळ डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. गोऱ्या, उंच, तेव्हा तिशीच्या आतबाहेर असतील.

"मी कचेरीत जाऊन येतो," सरकार म्हणाले. "तोवर हिला बसव तुझ्याजवळ. जरा शिकव काहीतरी. मला हे तिसऱ्या माळेला पाहिजे, आणि दसऱ्याला आपट्याखाली बार काढायचाय. डाग राहता कामा नये."

जीप गेली. महिपती पुढं गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत होता. मी रिव्हॉल्व्हर उचललं आणि वहिनींना मागच्या पडवीत घेऊन गेले. तिथं आमच्या धुवायच्या परातींचा आणि तेलांच्या बाटल्यांचा संसार होता. त्यांना पाट दिला.

"वहिनीसाहेब, देवाचा तांब्या पितळेचा असतोय. त्याला चिंच लावली की तो हसतोय. ह्याला आंबट चालतंय होय?"

"मला काय माहीत, आक्का. आईसाहेब म्हणाल्या."

"आईसाहेबांनी जन्मात कधी तांब्या तरी घासलाय का?"

त्या हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील.

"आणि वर तेल कुठलं लावलं?"

"खोबरेल."

"कुणाची वेणी घालायची होती? खोबरेल थंडीत थिजतंय. शेंगतेल चिकटून बसतंय. ही बाटली बघा, हे जवसाचं. हे बंदुकीच्या लाकडी दस्त्याला चोळायचं, चार-आठ दिवसांत आळून काचेसारखं बसतंय, म्हणून लाकडाला चांगलं. लोखंडाच्या पोटात घालायचं ते फक्त शिवणाच्या मशीनचं तेल. तेबी पिसाच्या टोकानं. नवसागराचं पाणी निकेलला लावलं तर पापुद्रे सुटतात, स्पिरिट शिंगाला लावलं तर शिंग तडकतंय. हत्याराला नटव्या बाईपेक्षा जास्ती जपावं लागतंय." बोलता बोलता मी नळीत गज घालून चिंधी ओढली. तांबूस, काळी आली. चक्रीच्या एका घराच्या तोंडाशी काजळी चिकटली होती, बाकीची पाच कोरी. "एवढं घासलं आणि नळी तशीच ठेवली. सापाला लागली का गोळी?"

वहिनी परातीतल्या घासलेटाकडं बघत होत्या.

"साप नव्हता," त्या म्हणाल्या.

मी चिंधी खाली ठेवली.

"घरात सगळ्यांनी पाहिला. आईसाहेबांनी पाहिला, दिवाणजींनी पाहिला, स्वयंपाकिणीनंसुद्धा पाहिला. मीच तेवढा पाहिला नाही." त्यांनी उजव्या कानाजवळ हात नेला आणि बोटं पसरून दाखवली. "एवढ्यावरून गेली. भिंतीचा टवका माझ्या केसांत पडला. तिथं आता कॅलेंडर लावलंय."

"दारू?"

"ती रोजच असते."

"झालं काय होतं?"

"काही नाही, आक्का. खरंच काही नाही. ते काहीतरी विचारत होते, मी उत्तर द्यायला उशीर केला."

पुढच्या बाजूला कुणीतरी महिपतीला म्हणत होतं, धार अशी पाहिजे की केस कापला पाहिजे. मी परातीवर झाकण घातलं.

"माहेरी जावा."

"धाकटीचं लग्न ठरलंय मार्गशीर्षात. मी परत गेले तर मोडेल. आणि बाबा तरी काय, हात जोडून परत आणून सोडतील."

"मग ते कपाटातनं काढा आणि विहिरीत टाका."

"परवान्याचं हत्यार हरवलं तर पोलीस घरी येतील. मग मी राहीन का?" वहिनी पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलल्या. "आक्का, तुम्ही फक्त डाग काढा. चिंचेचं हसण्यावारी नेतात ते बाहेर. घरात रोज ते हत्यार हातात घेऊन माझ्यासमोर धरतात आणि विचारतात, हा डाग कुणी पाडला? हा कुणी पाडला? एकेक डाग मोजतात. ते स्वच्छ करून द्या. मला तेवढंच पाहिजे."

माझ्या तोंडाला अख्खी पेठ भ्यायची आणि त्या दिवशी मला दोनच शब्द सुचले. मी म्हटलं, "डाग निघतील." आणि त्यांना चहा टाकायला उठले. उठताना गुडघा असा वाजला की त्यांनीच मला हात दिला. मनगटावर बांगड्यांच्या वरती हिरवंनिळं होतं.

सरकार आले तेव्हा चहा निम्मा प्यायचा राहिला होता. त्या लगेच उठल्या. जीपमध्ये बसल्यावर सरकारांनी महिपतीला हाक मारली.

"म्हैपा, एक राहिलं. चाप जरा हलका कर. जड चालतो. सापाला काय वेळ असतो थांबायला?"

"होईल की सरकार," महिपती म्हणाला.

संध्याकाळी गर्दी ओसरली तेव्हा मी त्याला सांगितलं. त्यानं मान वर केली नाही. कानशीत अडकलेला लोखंडाचा कीस तो ब्रशनं काढत होता.

"मला अंदाज होता," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय? आई, आपण हत्यारं साफ करतो. लोकांची घरं साफ करत न्हाई."

"फौजदाराच्या कानावर घालावं."

"फौजदार त्यांच्याच बागेतली द्राक्षं खातो. उद्या आपल्या परवान्याची मुदत सरतीय, तिथं कुणाचा शब्द लागतो, तुला ठाव हाय. मी ह्याच्यात न्हाई आणि तूबी पडू नकोस."

त्याचं काही चुकत नव्हतं. त्याला लेकरं होती. दुकान मोडलं तर त्यानं काय करायचं, हा प्रश्न मलाही होता. मी इतकंच म्हटलं, "चाप तू हलका करू नको. ते हत्यार मी करते."

"तुझे हात दुखत्यात."

"दुखू देत. सरकारांचं हत्यार ह्या घरात नेहमी मोठ्या माणसानं केलंय."

दुसऱ्या दिवशी घट बसवले आणि दुपारी पडवीत जाऊन बसले. चिंचेचे वण काढायचे म्हणजे जिवावरचं काम. काचकागद लावला तर निकेल जाऊन आतलं लोखंड उघडं पडतं. खडू कुटला, वस्त्रगाळ केला, मशीनच्या तेलात कालवला आणि मऊ मलमलीच्या चिंधीनं एकेक वण जिरवत बसले. बोटाच्या पेरानं, गोल गोल, जोर न देता. शिंगाच्या फळ्या आधी काढून बाजूला ठेवल्या, त्यांना नुसता तेलाचा हात. नळीला घासलेट, मग पितळी ब्रश, मग कोरडी चिंधी, पांढरी बाहेर येईपर्यंत. चक्रीची घरं एकेक. सहावं घर धुताना वहिनींची पसरलेली बोटं डोळ्यांपुढं आली. मग बाजूची पत्री उघडली. आत घोड्याचं मूळ, चापाची खीळ, आणि ती मोठी कमान. पानासारखी दुमडलेली, निळसर. विलायतेतल्या कुण्या कारागिराचा हात होता तो. असं काम बघितलं की मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटायचं. मी ते सगळं पेट्रोलनं धुतलं, फुंकर मारून वाळवलं. फडताळातली बाटली घेतली. कोंबडीच्या पिसानं तेल घातलं, जिथं जिथं लोखंडावर लोखंड चालतं तिथं. पत्री बसवली, फळ्या बसवल्या, वरून पुसलं. एक डाग शिल्लक नव्हता.

तिसऱ्या माळेला सरकार स्वतः आले. उन्हात धरून बघितलं, पुढून, मागून. चाप ओढला. घोडा मागं गेला आणि टक्कन पडला. परत ओढला.

"लोणी गं, बनाक्का! लोणी केलंस! चाप हलका केला ना?"

"तुमच्या हाताला आता हलकाच लागंल."

"अशी माणसं राहिली नाहीत," ते महिपतीला म्हणाले. "आईला जप."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. जीपचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं. माळावरच्या त्यांच्या बंगल्याकडून दूधवाला यायचा, त्याला मी उगीच विचारायची, "काय रे, बंगल्यावर सगळी बरी हायत?" तो म्हणायचा, "बरी हायत की. तुम्हाला रोज काय त्यांची काळजी?" मी म्हणायची, "तुझ्या दुधात पाणी किती असतं त्याची काळजी हाय, जा." सुनेनं एकदा विचारलं, उपासानं तोंड उतरलंय का? मी म्हटलं हो. कशाचं काय? देवीपुढं हात जोडले की मागायला काही सुचायचं नाही. नुसती बसून राहायची. थकवा म्हणतात तो काय असतो, ते मला त्या नवरात्रात कळलं. शरीराचा तोवर रोजचाच होता.

दसऱ्याला गावाबाहेरच्या माळावर आपट्याची पूजा होते. संस्थान होतं तेव्हा तोफ उडायची. ती गेली, मग सरकारांच्या घरातल्या माणसानं आभाळाकडं हात करून एक बार काढायचा आणि मग लोकांनी सोनं लुटायचं, असा रिवाज पडला. त्या वर्षी मी गुडघ्यांची पर्वा न करता गेले. गर्दीत पुढं उभी राहिले. बायकांच्या घोळक्यात वहिनी होत्या. भरजरी साडी, डोक्यावर पदर, आईसाहेबांच्या मागं एक पाऊल.

गुरवानं हाक दिली. सरकारांनी फेटा सावरला, हात वर केला आणि चाप ओढला.

काही झालं नाही.

परत ओढला. चाप जागचा हलेना. सरकारांनी हात खाली घेतला, हत्याराकडं बघितलं, परत वर केला. गर्दीत कुणीतरी खोकलं. मग मागनं कुठूनतरी आवाज आला, "सरकार, शेंगा फोडायला बरं हाय ते!" आणि लोक हसले. ह्या वेळी सरकार हसायच्या आधी हसले.

सरकारांचं तोंड काळंनिळं पडलं. त्यांनी रिव्हॉल्व्हर पोटाशी धरलं, दोन्ही अंगठे घोड्यावर ठेवले आणि सगळ्या अंगाचा जोर लावून मागं ओढला. त्यांना थांबायची सवय नव्हती. मला तो आवाज ऐकू आला. बारीक, कट् असा. बाकी कुणाला कळला नसेल. घोडा सुटून लुळा पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते हत्यार आमच्या फळीवर आपटलं. दुकानासमोर माणसं गोळा झाली.

"म्हातारे, काय केलंस हे?"

"बघू द्या," म्हणून महिपतीनं ते उचललं. पत्रीचे स्क्रू काढले. पत्री निघेना, टोकरून काढावी लागली. आत सगळं मधासारखं पिवळं आणि घट्ट झालं होतं, घोडा, चाप, खीळ, सगळं एकजीव. कमान मधोमध मोडली होती. महिपतीनं नखानं तो पिवळा पापुद्रा खरवडला, नाकाजवळ नेला.

मी सराणेजवळ बसले होते. त्यानं माझ्याकडं बघितलं.

त्याला मी वास शिकवले होते. लहान असताना डोळे बांधून एकेक बाटली त्याच्या नाकाखाली धरायची आणि तो ओळखायचा. एकदाही चुकला नव्हता.

"काय झालंय?" सरकार ओरडले. "बोल की!"

महिपतीनं चिंधीला बोट पुसलं. त्याचं आयुष्य, त्याचं दुकान, सगळं त्याच्या जिभेवर होतं. 'आईनं पोटात जवस घातलं' एवढं म्हणायचा अवकाश.

"जुनं हत्यार हाय, सरकार," तो म्हणाला. "तेल आळलंय. आणि कमान मोडलीया, जोर दिल्यामुळं."

"मग नवी कमान कर. तुझ्या आज्यानं संस्थानच्या बंदुकांना कमानी करून दिल्या. आजच्या आज बसव."

महिपती करू शकत होता. चार दिवसांत केली असती, विलायती कमानीच्या तोडीस तोड. समोर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला ते माहीत होतं.

"न्हाई होत," मी म्हटलं.

"काय?"

"ही कमान आमच्यात होत न्हाई, सरकार. आमच्या घरातली ती विद्या मालकांबरोबर गेली. पोराला येत न्हाई."

"आई—"

"येत न्हाई म्हटलं ना! लोकांची हत्यारं नासवण्यापेक्षा सांगितलेलं बरं."

महिपतीच्या तोंडावर कुणी थुंकलं असतं तरी तो इतका पांढरा पडला नसता. मालकांनी त्याला लोखंड निळं होईपर्यंत तापवून कमान करायला शिकवलं तेव्हा पोराच्या हाताला फोड आले होते आणि मी रडले नव्हते. त्या विद्येवर मी भर पेठेत पाणी सोडलं. सरकार आणखी बरंच बोलले. म्हातारीला दिसत नाही, हात चालत नाहीत, दुकान काढलंय की उकिरडा, ही असली माणसं परवाना घेऊन बसतात. मी सगळं ऐकलं. मध्येमध्ये 'चुकलं सरकार' म्हणत होते. माझ्या तोंडून हे शब्द ऐकायची कुणाला सवय नव्हती, त्यामुळं लोक मन लावून ऐकत होते.

सगळे गेल्यावर महिपतीनं दाराची फळी ओढून घेतली.

"जवस."

"हो."

"तू घातलंस."

"मग काय उंदरानं घातलं?"

"आणि मला येत न्हाई?" त्याचा आवाज फाटला. "मला कमान येत न्हाई? कसा जाऊ मी आता पेठेतनं? ती बाई कोण लागती तुझी?"

"कोणी न्हाई."

"आपल्या घराचं नाव—"

"म्हैपा, मला कंटाळा आलाय रे. लई कंटाळा आलाय. तू जेवून घे."

तो जेवला नाही. दिवाळीपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलला. सरकारांनी ते हत्यार मोठ्या शहरातल्या एका दुकानात नेलं, तिथं कमानीसाठी विलायतेला लिहावं लागेल म्हणाले. ते काही झालं नाही. शेवटी परवान्याच्या नूतनीकरणाला बंद पडलेलं हत्यार काय दाखवायचं, म्हणून त्यांनी ते पोलिसांत जमा केलं. नवं घ्यायचा अर्ज केला होता म्हणे, पण तोवर दसऱ्याच्या फजितीची गोष्ट कचेरीपर्यंत पोचली होती आणि नव्या कलेक्टरला दारूचीही कुणकुण लागली होती. अर्ज पडून राहिला. आमचा परवाना कसाबसा टिकला, पण तालुक्यातली हत्यारं दुसरीकडं जायला लागली. आम्ही कात्र्या, कोयते, विळ्या करू लागलो. अजून करतो.

दिवाळीच्या आधी जीप दारात उभी राहिली. सरकार नव्हते, ड्रायव्हर होता. प्रमिलावहिनी उतरल्या. हातात फडक्यात गुंडाळलेली विळी. दुकानात गिऱ्हाइकं फारशी नव्हती, दोन-तीन बायका होत्या.

"विळीला धार लावता येते ना, आक्का?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "का तीही नासवून द्याल?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"लावते की. द्या."

"नाही, विचारून घेतलेलं बरं. तुमच्यामुळं मला किती ऐकून घ्यावं लागलं, माहीत आहे? मीच म्हणाले होते, बनाक्का डाग काढतील, बनाक्कांसारखं कोणी करत नाही. ते सारखं तेच काढतात, तुझी ती बनाक्का! डाग काढायला सांगितलं तर हत्यारच घालवलंत. ह्या वयात हाताला विश्रांती द्यावी माणसानं."

त्यांना काही माहीत नव्हतं. मी सांगायचं कारण नव्हतं. गळ्याजवळ एक जुना पिवळा पडलेला वण होता, आणि मनगटावर नवा. ते थांबलेलं नव्हतं. ते मला थांबवता येणार नव्हतं, आणि मी थांबवलं असं म्हणायला मी काही वेडी नाही. मी विळी सराणेवर धरली, महिपतीनं मुकाट्यानं पट्टा ओढला. ठिणग्या उडाल्या. पातं बोटाला लावून बघितलं आणि फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिली.

"ओढून बघा घरी. न्हाई चालली तर परत आणा."

"आणीन तर! सोडणार नाही," त्या म्हणाल्या आणि पदर सावरत, ड्रायव्हरला कशावरून तरी झापत जीपमध्ये चढल्या.

जीप वळणावरून दिसेनाशी झाली. महिपती पट्टा गुंडाळत होता.

"ऐकलंस?" तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो माझ्याशी आपणहून बोलत होता. "हिच्यासाठी केलंस. ऐकलंस ना काय बोलली?"

"ऐकलं की," मी म्हटलं. "आवाज कसा खणखणीत हाय बघ तिचा."